उणे मताचे कारण मागू नका, निर्णयाचे मात्र जरूर मागा

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार. मी कसबा बावड्यात राहतो. बीसीए पूर्ण केल्यापासून शाहू मार्केट यार्डातील एका गुळाच्या पेढीवर हिशेबाचे काम पाहतो. शेतकऱ्यांना द्यायची पट्टी, म्हणजे गुळाच्या विक्रीच्या हिशेबाचा कागद, संगणकावर निघावी म्हणून मी पायथन या संगणकीय भाषेत स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन, दर, हमाली, तोलाई हे सगळे बरोबर येते, पण शेतकऱ्याचे आणि गावाचे नाव मराठीत छापताना मध्येच तुटते.

याबद्दल मी प्रोग्रामिंगच्या एका मोठ्या प्रश्नोत्तर संकेतस्थळावर प्रश्न विचारला. सोबत पडद्याचा फोटो जोडला आणि काम तातडीचे आहे असेही लिहिले. दुपारपर्यंत प्रश्नाला तीन उणे मते, म्हणजे नापसंतीच्या खुणा, पडली, पण एकानेही कारण लिहिले नाही. ‘उणे मत का दिले ते कृपया सांगा’ असे मी खाली लिहिले, तर आणखी एक उणे मत पडले आणि माझे ते वाक्यही काढून टाकले गेले. संध्याकाळी ‘तपशील अपुरे’ असा शेरा मारून प्रश्नच बंद करण्यात आला. दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाला मी चॅटजीपीटीकडून लिहून घेऊन उत्तर दिले होते, तेही हटवले गेले. माझे इंग्रजी कच्चे आहे आणि नाव भारतीय आहे, म्हणून असे झाले का? उणे मत देणाऱ्यावर कारण लिहिण्याची सक्ती का नसावी? मित्र म्हणतो, दुसरे खाते उघड आणि आपल्याच प्रश्नाला मत दे. इकडे मालक रोज विचारतात की पट्टी नीट कधी येणार. मी काय करावे?
आपला,
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्याशिवाय तुमच्या उपयोगाचे काही सांगता येणार नाही. अनोळखी माणसांनी कारण न देता उणे मते दिली, ही पहिली तक्रार. तुमचे वाक्य काढून टाकले, प्रश्न बंद केला आणि उत्तर हटवले, ही दुसरी. पहिल्या ठिकाणी कोणीतरी आपले मत नोंदवले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी आपला अधिकार वापरला आहे. मत देणाऱ्याकडे कारण मागण्याचा हक्क तुम्हाला नाही, असे मला वाटते. पण ज्याने अधिकार वापरून तुमचे लिखाण बंद केले किंवा हटवले, त्याने कारण दिलेच पाहिजे, आणि ते कारण पटले नाही तर दाद मागण्याची वाटही तुम्हाला खुली असली पाहिजे. ज्या गोष्टीचा तुम्हाला जास्त राग आला आहे, तिच्यावर तुमचा हक्क कमी आहे. आणि जिथे खरोखर हक्क आहे, तिथे तुम्ही अजून काहीच केलेले नाही.

संकेतस्थळाचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून मी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तर संकेतस्थळाचे नियम आधाराला घेते. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते २००८ साली सुरू केले, आणि पुढे अनेक प्रश्नोत्तर संकेतस्थळांनी मतांची व गुणांची हीच पद्धत थोड्याफार फरकाने उचलली. त्या पद्धतीमागचा विचार असा आहे की प्रश्न विचारणारा एकटा असतो, पण त्याच अडचणीत सापडून पुढे शोध घेत तिथे पोहोचणारे पुष्कळ असतात, आणि पानाची रचना त्या नंतर येणाऱ्यांसाठी करायची असते. उणे मताच्या बाणावर माउस नेला की त्याचा अर्थ तिथेच लिहिलेला दिसतो: या प्रश्नात आधी शोध घेतल्याचे दिसत नाही, तो अस्पष्ट आहे किंवा उपयोगाचा नाही. म्हणजे ती खूण पुढच्या वाचकाला उद्देशून असते. ती तुम्हाला लिहिलेली चिठ्ठी नसते, आणि म्हणूनच तिच्यात तुमच्यासाठी खुलासा नसतो. हे समजले म्हणून वाईट वाटायचे थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. पेढीवरचे काम सांभाळून लिहिलेल्या प्रश्नाखाली उणे चार हा आकडा पाहिला की कोणालाही अपमान झाल्यासारखे वाटेल.

अशा मतांवरून सदस्याच्या खात्यात जमा किंवा वजा होणाऱ्या गुणांचा हिशेबही एकदा पाहून घ्या, कारण तो तुम्ही समजता तितका वाईट नाही. तिथे नव्या खात्याची सुरुवात १ गुणाने होते आणि गुण १ च्या खाली कधीच जात नाहीत. एका उणे मतामागे २ गुण वजा होतात आणि एका अधिक मतामागे १० मिळतात. प्रश्नाला मिळणाऱ्या अधिक मताचे पूर्वी ५ गुण असत, ते नोव्हेंबर २०१९ पासून १० झाले. तुमचे खाते अगदी नवे असेल, तर चार उणे मतांनी तुमच्या गुणांत घट झालेलीच नाही. आणि खाते जुने असते तरी एका अधिक मताने पाच उणे मते भरून निघाली असती. उणे मत देण्यासाठी मात्र आधी १२५ गुण कमवावे लागतात, तेव्हा ती मते देणारे हे वाट चुकून आलेले लोक नसून तिथे काही काळ काम केलेले लोक असतात. दुसऱ्याच्या उत्तराला उणे मत दिले की देणाऱ्याचा स्वतःचा १ गुण जातो, पण प्रश्नाला दिले तर काहीच जात नाही. प्रश्नांवर उणे मते इतक्या सहजपणे का पडतात, याचे एक कारण मला या फरकात दिसते.

आता सक्तीविषयी. ही मागणी तुमच्या आधी असंख्य लोकांनी केली आहे आणि ती दर वेळी नाकारली गेली आहे. मला वाटते, ती नाकारणे योग्यच होते. आपल्या जिल्ह्यात ग्रामपंचायतीपासून दूध संघापर्यंत निवडणुका किती चुरशीने होतात हे तुम्हाला सांगायला नको. तिथे मतपत्रिकेवर शिक्का मारणाऱ्याला ‘का’ असे विचारायची सोय ठेवली, तर किती लोक मनापासून शिक्का मारतील? इथेही तेच आहे. कारण लिहायचे म्हणजे नाव उघड करायचे, आणि नाव उघड झाले की समोरचा माणूस वाद घालत बसतो किंवा त्या व्यक्तीच्या जुन्या लिखाणावर जाऊन उणे मतांनी उट्टे काढतो. अशी सुडाची मते इतकी नेहमीची आहेत की एकाच व्यक्तीवर लागोपाठ पडलेली मते ओळखून ती रद्द करणारी स्वयंचलित तपासणी तिथे रोज चालते. शिवाय सक्ती केली की माणसे चौकट भरण्यापुरते काहीतरी लिहितात, आणि निरर्थक कारणाचा तुम्हाला मौनाइतकाही उपयोग होत नाही, कारण त्यावर विचार करण्यात तुमचा वेळ जातो.

पण सक्ती नसावी याचा अर्थ मौन हेच सौजन्य, असा मी लावत नाही. पहिल्यांदाच प्रश्न विचारणाऱ्या माणसाला उणे मत देताना ‘फोटोऐवजी कोडचा मजकूर द्या’ एवढी एक ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि ती लिहिणारी माणसे कमी होत गेली की समाजाचे नुकसान होते. अमेरिकेतील काही संशोधकांनी २०१४ साली बातम्यांखाली लिहिणाऱ्या वाचकांच्या लिखाणाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात असे दिसले की उणे मते मिळालेले लोक गप्प बसत नाहीत. उलट ते पूर्वीपेक्षा जास्त आणि खालच्या दर्जाचे लिहितात, शिवाय इतरांच्या लिखाणालाही अधिक कठोरपणे उणे मते देऊ लागतात. तो अभ्यास प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांचा नव्हता, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावू नये. तरीही नुसत्या उणे खुणेने माणूस सुधारतो, ही समजूत डोळे मिटून धरण्यासारखी नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

तुमचा सर्वांत दुखरा प्रश्न नावाचा आणि इंग्रजीचा आहे, आणि त्याला मी खोटा दिलासा देणार नाही. मते गुप्त असल्यामुळे त्या चौघांपैकी कुणाच्या मनात काय होते, हे कोणीच सांगू शकत नाही. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो चालवणाऱ्या कंपनीने स्वतःच जाहीरपणे मान्य केले की नव्या लोकांना, आणि विशेषतः स्त्रियांना, गौरेतर वर्णाच्या लोकांना व इतर दुर्लक्षित गटांतील लोकांना, ती जागा परकी आणि दरारा वाटणारी झाली आहे. त्याच वर्षी तिथे नवी आचारसंहिता आली आणि नव्या सदस्याच्या नावाजवळ तशी खूण दिसू लागली. म्हणजे तुम्हाला जे जाणवले ते निव्वळ मनाचे खेळ नाहीत. पण तुमच्या प्रश्नापुरते बोलायचे तर कोडऐवजी फोटो आणि ‘तातडीचे’ हा शब्द, ही दोन कारणे पुरेशी होती. कोल्हापुरातल्या माणसाऐवजी लंडनच्या माणसाने असाच प्रश्न टाकला असता तरी त्याला उणे मते पडली असती. फोटोतला कोड कोणालाही उचलून आपल्या संगणकावर चालवून पाहता येत नाही, आणि शोधयंत्रालाही तो वाचता येईल याची खात्री नसते. ‘तातडीचे’ या शब्दाने फुकट मदत करणाऱ्या माणसाला हुकूम सोडल्यासारखे वाटते, तुमचा हेतू तसा नव्हता तरीही. इंग्रजीच्या चुका मात्र तिथे इतर सदस्य दुरुस्त करून देतात. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या आहेत, मराठी किंवा हिंदी नाही. तेव्हा निदान तिथे तरी आपल्याला इंग्रजीतच विचारावे लागणार. वाक्ये छोटी आणि साधी ठेवा. त्यापेक्षा जास्त इंग्रजीची गरज नाही.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू, कारण तुम्हाला प्रत्यक्ष काही करता येईल ते इथेच. प्रश्न बंद करणे हे उणे मतापेक्षा वेगळे आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर त्यासाठी किमान ३,००० गुण असलेल्या तीन सदस्यांची मते लागतात, किंवा सदस्यांनी निवडून दिलेला एखादा मॉडरेटर, म्हणजे देखरेख करणारा सदस्य, एकट्याने तो बंद करू शकतो. या निर्णयासोबत ठरलेल्या कारणांपैकी एक नमूद करावेच लागते आणि निर्णयाची नोंद प्रश्नाच्या इतिहासात राहते. तुमच्या बाबतीत ‘तपशील अपुरे’ हे कारण दिले गेले आहे. ते त्रोटक आहे, पण ते कारण आहे, आणि तुम्ही ज्या कारणाची चौघा अनामिकांकडे याचना करत होता ते याच ओळीत तुमच्या हाती आले होते. ते वाचून प्रश्न सुधारला, की सुधारणा जतन करतानाच ‘बंद करण्याचे कारण आता उरलेले नाही’ अशा अर्थाची खूण करून तो फेरविचारासाठी पाठवता येतो, आणि तीन सदस्यांची मते मिळाली की तो पुन्हा उघडतो. या सुधारणेचा आणखी एक फायदा आहे. दिलेले मत काही मिनिटांत पक्के होते आणि त्यानंतर देणाऱ्यालाही ते मागे घेता येत नाही. पण मजकुरात बदल झाला की त्याला ते पुन्हा बदलता येते. म्हणजे तुम्ही सुधारणा केली नाही, तर ज्यांना आपले उणे मत मागे घ्यावेसे वाटेल त्यांचेही हात बांधलेले राहतात.

यात उशीर करू नका. तिथल्या नियमानुसार बंद झालेल्या प्रश्नाच्या मतांची बेरीज शून्य किंवा उणे असेल, त्याला अधिक मते मिळालेले उत्तर नसेल आणि नऊ दिवस त्यात काही सुधारणा झाली नसेल, तर तो आपोआप हटवला जातो. रागाच्या भरात तुम्ही स्वतः तो हटवू नका, कारण हटवलेले उणे प्रश्नही तुमच्या खात्याच्या हिशेबात धरले जातात आणि असे काही प्रश्न साठले की नवे प्रश्न विचारायलाच यंत्रणा बंदी घालते.

निर्णयामागे कारण असले पाहिजे, हा आग्रह तुमच्यासारख्या नवख्यांचाच आहे असे समजू नका. जून २०२३ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो आणि त्याच्या भावंड संकेतस्थळांवरील पुष्कळ मॉडरेटरांनी, म्हणजे विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेवकांनीच, काम थांबवले होते. यंत्राने लिहिलेली उत्तरे हटवण्यावर कंपनीने अचानक कडक मर्यादा घातली आणि त्यांना खाजगीत दिलेला आदेश व जाहीर केलेले धोरण यांत फरक होता, अशी त्यांची तक्रार होती. ऑगस्टपर्यंत बोलणी होऊन तोडगा निघाला. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनाही स्वतःवर लादलेल्या आदेशाचे कारण हवे होते, आणि ते मागण्यासाठी त्यांनी काम थांबवले. तेव्हा तुम्ही तुमच्या बंद प्रश्नाविषयी सभ्यपणे कारण विचारलेत, तर त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

ते कुठे विचारायचे, एवढे नीट पाहा. प्रश्नाखालची जागा त्या मजकुराविषयी खुलासा मागण्यासाठी आणि देण्यासाठी असते, म्हणून मतांविषयीची विचारणा तिथून काढून टाकतात. तुमचे वाक्य गेले ते यामुळे. ‘उणे मत का दिले?’ याऐवजी ‘आणखी कोणती माहिती द्यायला हवी?’ असे लिहिले असते, तर ते बहुधा टिकले असते आणि कदाचित कोणी उत्तरही दिले असते. एवढे करूनही प्रश्न उघडला नाही, तर संकेतस्थळाच्या कारभाराविषयी बोलण्यासाठी मेटा नावाचा वेगळा विभाग असतो, तिथे जाऊन प्रश्नाचा दुवा द्या, काय सुधारले ते सांगा आणि अजून काय कमी आहे ते विचारा. तिथे लोक असहमती दाखवण्यासाठीही उणे मते देतात आणि त्यांचा तुमच्या गुणांवर परिणाम होत नाही, हे आधीच लक्षात ठेवा, नाहीतर पुन्हा तेच दुःख पदरी येईल. कोणी शिवीगाळ केली किंवा तुमच्या देशावरून बोलले, तर मात्र वाद न घालता त्या मजकुराची मॉडरेटरांकडे तक्रार करा. त्यासाठी प्रत्येक मजकुराजवळ सोय असते.

आता तुमचा प्रश्न कसा लिहायचा ते पाहू, कारण मला तो मनापासून आवडला आहे आणि तो वाया जाऊ नये असे वाटते. आपल्या लिपीतली ही खरी अडचण आहे, आणि ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला तुमच्या फोटोत काय चुकले आहे ते दिसणारच नाही. गडहिंग्लज हेच नाव घ्या. आपल्या डोळ्यांना त्यात ग, ड, हिं, ग्ल, ज अशी पाच अक्षरे दिसतात. पायथनला लांबी विचारली तर ते ९ असे उत्तर देते, कारण ते युनिकोडमधले, म्हणजे संगणकावर सर्व लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकातले, प्रत्येक चिन्ह वेगळे मोजते: ग, ड, ह, वेलांटी, अनुस्वार, ग, पाय मोडण्याची खूण, ल आणि ज. समजा, पट्टीवर गावाच्या रकान्यात तुम्ही सात चिन्हांची मर्यादा घातली आहे. मग छापले जाते ‘गडहिंग्’, म्हणजे जोडाक्षर मधोमध तुटते आणि पाय मोडलेला ग लटकत राहतो. त्याच मर्यादेत कोल्हापूरचे ‘कोल्हाप’ होते, पुढचा उकार आणि र दोन्ही जातात.

हेच प्रश्नात इंग्रजीत लिहा. आधी एका वाक्यात सांगा की देवनागरी मजकूर कापताना जोडाक्षर तुटते. मग तुमच्या संपूर्ण प्रोग्रामऐवजी नाव साठवणे, कापणे आणि छापणे एवढ्याच तीन-चार ओळी मजकूर म्हणून द्या. हमाली, तोलाई, डेटाबेस यांतले काहीही नको. त्याखाली काय छापले जाते आणि काय छापले जायला हवे होते, हे दोन्ही लिहा, आणि पायथनची आवृत्ती सांगा. वाचकाला लिपी येत नाही असे धरून ही नऊ चिन्हे एकाखाली एक मांडून दाखवा, म्हणजे तुटण्याची जागा त्याला आकड्यांवरून कळेल. कोणते उपाय करून पाहिले तेही लिहा. तातडी, मालकांची नाराजी, आगाऊ आभार हे सगळे वगळा.

असा प्रश्न उघडल्यावर कदाचित कोणी तो ‘आधी विचारला गेलेला’ म्हणून जुन्या प्रश्नाकडे दुवा देऊन बंद करील. ती शिक्षा नसते. आधी तो जुना प्रश्न आणि त्याची उत्तरे खरोखर वाचा, कारण अनेकदा उत्तर तिथे असतेच. पण तुमच्या बाबतीत वाद घालण्यासारखा एक मुद्दा आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे मजकूर तोडण्याच्या एककाला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात, आणि जुनी उत्तरे तुम्हाला त्याच्याकडे पाठवतील. जुन्या नियमांप्रमाणे त्या पद्धतीने गडहिंग्लजचे पाच नव्हे तर सहा तुकडे होतात, कारण पाय मोडलेला ग आणि पुढचा ल हे वेगळे धरले जात. युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली, नियम बदलला आणि देवनागरीतील जोडाक्षर एकत्र राहू लागले. तुम्ही वापरत असलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) जुन्या नियमांवर चालत असेल, तर जुने उत्तर तुम्हाला अपुरे पडेल. ते उत्तर चालवून पाहा, सहा तुकडे आले तर ते प्रश्नात तसेच लिहून दाखवा आणि म्हणून हा प्रश्न वेगळा आहे असे सांगा. पुन्हा उघडण्याची मागणी अशा पुराव्यानिशी करायची असते. सहाऐवजी पाच तुकडे आले, तर तुमची अडचण तिथेच सुटली.

चॅटजीपीटीच्या उत्तराविषयी मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच, ते साधन लोकांसमोर आल्यानंतर काही दिवसांतच, त्याच्याकडून लिहून घेतलेली उत्तरे टाकण्यास मनाई केली. अशी उत्तरे दिसायला नेटकी असतात, पण बरोबर आहेत की नाही हे तपासण्याचा सगळा भार वाचणाऱ्यांवर पडतो, आणि लिहिणाऱ्याला मात्र काहीच कष्ट नसतात. ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतः चालवून पाहिलेले नाही, त्याला उत्तर देऊ नका. तुमच्या पेढीवरच्या प्रोग्रामसाठी तुम्ही ते साधन वापरलेत तर त्याला कोणाची ना नाही.

मित्राचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. एका माणसाने दोन खात्यांतून स्वतःलाच मत देणे हे तिथे सरळसरळ फसवणूक मानले जाते, ते ओळखले जाते, मते रद्द होतात आणि दोन्ही खाती गोत्यात येतात. शिवाय अधिक मत देण्यासाठी त्या नव्या खात्याला आधी १५ गुण लागतील, म्हणजे पुन्हा एक चांगला प्रश्न किंवा चांगले उत्तर लिहावेच लागेल. ते लिहिता येत असेल तर ते तुमच्या खऱ्या खात्यातून लिहा. दुसरे खाते उघडून झाले असेल, तर त्यातून कोणतेही मत देऊ नका. मित्राला मदत करायची असेल, तर राजारामपुरीत किंवा बावड्यात कुठेही समोरासमोर बसून सुधारलेला प्रश्न वाचायला लावा आणि तुम्ही तोंडी काहीही न सांगता त्याला अडचण कळते का, ते पाहा. त्याला जिथे ‘म्हणजे काय?’ असे विचारावे लागेल, तिथे अजून तपशील कमी आहे.

राहिला मालकांचा तगादा. प्रश्नोत्तराच्या संकेतस्थळावर उत्तर कधी येईल हे कोणाच्याच हातात नसते, म्हणून पट्टीचे काम त्यावर अडवून ठेवू नका. तूर्त गावाचे आणि शेतकऱ्याचे नाव कापणे प्रोग्राममधून काढून टाका, नाव रकान्यात मावत नसेल तर ते दोन ओळींत छापा आणि आकड्यांचे रकाने त्याखाली घ्या. कागद थोडा जास्त लागेल, एवढे मालकांना आधी सांगून ठेवा. पुढे एखादा जाणकार तुम्हाला असेही सांगेल की अक्षरे मोजून रुंदी ठरवणेच चूक आहे, कारण देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते आणि ती फॉन्टवरून मोजावी लागते. ते खरे आहे, आणि हवा असल्यास तो तुमचा दुसरा, स्वतंत्र प्रश्न होऊ शकतो. पहिल्या प्रश्नात तो मिसळू नका, नाहीतर एका वेळी अनेक गोष्टी विचारल्या म्हणून तो पुन्हा बंद होईल.